उभारली ती गेली, घडीतली उरली : शिडांच्या कोठाराचा इतिहास

१) १० ऑगस्ट १६२८, स्टॉकहोमचे बंदर. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने बांधवून घेतलेली 'वासा' ही नवी कोरी युद्धनौका पहिल्या सफरीला निघाली. ६४ तोफा, तळापासून मुख्य डोलकाठीच्या टोकापर्यंत सुमारे ५२ मीटर उंची आणि एकूण सुमारे १,२७५ चौरस मीटर शिडे. निरोप द्यायला अवघे नगर किनाऱ्यावर लोटले होते. नौकेने जेमतेम १,३०० मीटर अंतर कापले आणि किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत ती बुडाली. सुमारे ३० जणांना जलसमाधी मिळाली.

२) ती का बुडाली, हे इतिहासप्रेमींना ठाऊक असते. वरचा भाग प्रमाणाबाहेर जड होता. वाऱ्याची एक झुळूक आली, नौका कलंडली आणि तोफांसाठी उघड्या ठेवलेल्या झरोक्यांतून पाणी आत शिरले. आजचा हा धागा मात्र त्या अपघाताविषयी नाही. त्या दिवशी नौकेवर असलेल्या, पण कोणी हातही न लावलेल्या एका गोष्टीविषयी आहे.

३) 'वासा'ची शिडे एकूण दहा होती. त्या दिवशी वारा मंद होता, नौका बंदरातच होती, म्हणून दहापैकी चारच शिडे उभारण्यात आली. उरलेली सहा खालच्या मजल्यावरील शिडांच्या कोठारात रचून ठेवलेली होती. मोकळ्या समुद्रात पोचल्यावर ती बाहेर काढायची, असा बेत असणार. ती वेळ कधी आलीच नाही.

४) २४ एप्रिल १९६१ रोजी, म्हणजे ३३३ वर्षांनी, 'वासा' पुन्हा पाण्याबाहेर आली. उभारलेली चारही शिडे केव्हाच कुजून नाहीशी झाली होती. कोठारातली सहा शिडे मात्र गाळात रुतलेल्या ढिगाच्या रूपाने जागच्या जागी सापडली. उभारण्याच्या मापाची, पूर्ण स्वरूपात आजवर टिकलेली इतकी जुनी शिडे जगात अन्यत्र नाहीत. ज्या शिडांनी वारा पाहिला ती गेली. ज्यांनी तो पाहिलाच नाही ती उरली.

५) शिडाच्या जहाजांचा इतिहास लिहिताना आपण उभारलेल्या शिडांचेच वर्णन करतो. चित्रांतही शिडे फुगलेली असतात. पण जहाजाच्या आयुष्यातील मोठा काळ शिडे उतरलेली, बांधलेली किंवा कोठारात ठेवलेली असत. ती कशी उतरवायची, कशी वाळवायची, कुठे ठेवायची, हे ज्ञान ज्या समाजाजवळ होते त्याचेच आरमार टिकत असे. त्या ज्ञानाची ही ओळख.

६) प्रथम शीड आवरण्याची रीत पाहू. युरोपातील मोठ्या जहाजांवर चौकोनी शिडे डोलकाठीवरील आडव्या काठीला बांधलेली असत. या आडव्या काठीला आपल्याकडे परबाण म्हणतात. खालून दोर ओढले की शिडाचे खालचे कोपरे आणि मधला भाग वर खेचला जाई. मग खलाशी परबाणावर चढत, पोटावर ओणवे होत आणि ओले, जड कापड मुठी-मुठीने गोळा करून दोऱ्यांनी बांधून टाकत. पाय टेकण्यासाठी परबाणाखाली दोर बांधण्याची सोय सतराव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाली. 'वासा'च्या काळातील खलाशाला परबाणाला कवटाळूनच हे सारे करावे लागे.

७) अरबी समुद्रातील जहाजांची रीत निराळी. तिथे तिरक्या, लांबलचक परबाणाला त्रिकोणी धाटणीचे शीड असे. ते आवरायचे तर बहुधा परबाणच शिडासकट खाली घेत. पुन्हा उभारताना शीड परबाणाशी गुंडाळून कच्च्या सुतळीने जागोजागी बांधत आणि तसेच वर चढवीत. वर पोचले की खालून शिडाच्या दोराला हिसका द्यायचा. सुतळीच्या गाठी तटातट तुटत आणि शीड एकदम उघडे. वारा वाढला तर आहे तेच शीड आखडण्याऐवजी ते उतरवून लहान शीड चढवण्याची पद्धत होती. म्हणून एकाच जहाजावर लहानमोठी अनेक शिडे बाळगावी लागत आणि ती ठेवण्याची व्यवस्थाही तितकीच महत्त्वाची ठरे.

८) शिडाचा खरा शत्रू वादळ नव्हे, ओल. युरोपातील शिडे जवसाच्या किंवा भांगेच्या झाडाच्या वाखापासून विणलेली असत, आपल्याकडची सुती. ही दोन्ही कापडे वनस्पतिजन्य. ओलसर कापडाची घडी करून अंधाऱ्या, कोंदट कोठारात टाकली की बुरशी धरते, काळे डाग पडतात आणि धागा आतून कुजतो. वरून धडधाकट दिसणारे शीड ऐन वाऱ्यात टर्रकन फाटते. लढाईच्या किंवा वादळाच्या प्रसंगी याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

९) म्हणून बंदरात पोचल्यावर शिडे पुन्हा सैल सोडून वाळवणे, हे नित्याचे काम होते. डच चित्रकार धाकटा विलेम फान द वेल्द याच्या शांत समुद्राच्या चित्रांत नांगरलेल्या जहाजांवर शिडे लोंबताना दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, जहाजे निघाली. प्रत्यक्षात वारा पडलेला असतो आणि खलाशी कपडे वाळत घालावेत तशी शिडे वाळवीत असतात.

१०) दुसरा उपाय म्हणजे कापड कमावणे, चामडे कमावतात तसेच. युरोपातील कोळी ओकच्या सालीच्या काढ्यात शिडे आणि जाळी बुडवीत. सालीतील तुरट द्रव्यामुळे बुरशीला अटकाव होई. एकोणिसाव्या शतकात या कामासाठी ब्रिटनमध्ये एक नवा पदार्थ मोठ्या प्रमाणावर येऊ लागला : खैराच्या गाभ्यापासून काढलेला कात. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून तो जात असे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मासेमारी नौकांची लालसर-तपकिरी शिडे आपण जुन्या छायाचित्रांत व चित्रांत पाहतो, त्या रंगात या काताचा मोठा वाटा आहे. विड्यातला कात उत्तर समुद्रातील शिडे राखीत होता. कोकणातील कातकरी समाजाचे नावही याच व्यवसायावरून आले, असे मानले जाते.

११) आता प्रश्न असा की वाळवलेली, कमावलेली शिडे ठेवायची कुठे आणि सांभाळायची कोणी? मध्ययुगीन नॉर्वेत याचे मोठे विलक्षण उत्तर सापडते. तिथे किनाऱ्यावरील प्रत्येक विभागाने राजासाठी युद्धनौका, माणसे आणि शीड सज्ज ठेवायचे, असा दंडक होता. शीड लोकरीचे असे आणि ते विणायला अनेक घरांची दीर्घ मेहनत लागे. इतकी मोलाची सामायिक वस्तू एखाद्या घरी ठेवणार कशी? म्हणून ती गावातील सर्वांत भक्कम, कोरड्या आणि सर्वांच्या नजरेखालील इमारतीत, म्हणजे चर्चमध्ये, ठेवली जाई.

१२) हे केवळ कायद्याच्या पोथीतले वाक्य राहिले असते. पण १९८९ मध्ये उत्तर नॉर्वेतील त्रोंदेनेसच्या जुन्या चर्चच्या छपराची दुरुस्ती चालू असताना भिंत आणि छप्पर यांच्या सांध्यात कोंबलेले लोकरी कापड सापडले. तपासणीअंती ते मध्ययुगीन शिडाचा तुकडा असल्याचे निष्पन्न झाले. शीड जुने झाले तेव्हा कोणीतरी ते फाडून छपरातील फटी बुजवल्या होत्या. देवळात सांभाळलेले शीड अखेर देवळाचीच वारा-थंडी अडवीत राहिले.

१३) नॉर्वेत शिडे ठेवण्याची वेळ हिवाळा ठरवी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती पावसाळा ठरवतो. जूनच्या सुरुवातीस नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की शिडाच्या गलबतांना समुद्र बंद. गलबते खाड्यांत किंवा किनाऱ्यावर ओढून घ्यायची, शिडे, दोर आणि परबाण उतरवून कोरड्या जागी ठेवायचे आणि श्रावणी पौर्णिमेची, म्हणजे नारळी पौर्णिमेची, वाट पाहायची. नारळ अर्पण केला की समुद्राचे दार पुन्हा उघडले. आपण या सणाकडे केवळ पूजा म्हणून पाहतो. पण त्याच्या मागे नौकानयनाचे पूर्ण वर्षभराचे वेळापत्रक उभे आहे.

१४) मराठी राज्याने या वेळापत्रकाचा विचार धोरण म्हणून केला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाशी जोडलेल्या 'आज्ञापत्रा'त (सुमारे १७१५) आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पावसाळ्यातील आरमाराच्या छावणीविषयी सूचना आहेत. समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधीच आरमार सुरक्षित बंदरी आणावे, ते बंदर किल्ल्याच्या आश्रयाचे असावे आणि दरवर्षी एकाच ठिकाणी छावणी करू नये, नाहीतर तेथील रयतेला उपद्रव होतो, असा त्याचा आशय.

१५) या शेवटच्या सूचनेवर क्षणभर थांबावे. चार महिने रिकाम्या बसलेल्या खलाशांचा आणि सैनिकांचा भार एकाच गावावर वर्षानुवर्षे पडला तर काय होईल, याची जाण लिहिणाऱ्याला आहे. आरमार म्हणजे केवळ समुद्रावरील लढाया नव्हेत. उतरवलेली शिडे कोणाच्या अंगणात वाळणार, त्यांची राखण करणाऱ्यांना कोण पोसणार, हाही आरमाराचाच प्रश्न आहे.

१६) आपल्या किनाऱ्यावरची शिडे जाड सुती कापडाची. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून इंग्रजीत 'डंगरी' हा शब्द गेला, असे मानतात. आज तो कामगारांच्या पोशाखाचे नाव आहे, पण मुळात ते शिडे, तंबू आणि खलाशांचे कपडे यांसाठी वापरले जाणारे भरड सुती कापड होते. कापड स्वस्त, ठिगळ लावायला सोपे आणि जुने झाल्यावर इतर शंभर कामांना उपयोगी. इथेच इतिहासकाराची पंचाईत सुरू होते.

१७) कारण उत्तम प्रकारे वापरलेले शीड मागे काहीच ठेवत नाही. फाटले की ठिगळ. ठिगळे वाढली की त्याचे लहान शीड. तेही थकले की मालावरचे आच्छादन, पिशव्या, पुसणी. युरोपात तर चिंध्या झालेली शिडे कागदाच्या कारखान्यांत जात. जवसाच्या धाग्यांपासून चांगला कागद होई. ज्या शिडाने एखादे जहाज आशियापर्यंत आणले, त्याच शिडाच्या लगद्यापासून झालेल्या कागदावर पुढे कोणी हिशेब लिहिला असेल, कोणी पत्र लिहिले असेल. काटकसरीने वापरलेली वस्तू संग्रहालयात पोचत नाही.

१८) जे झिजून जात नाही ते जळून जाते. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला. समुद्रावर ॲडमिरल वॉटसन, जमिनीवर क्लाईव्ह. तुळाजी आंग्रे यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला बंदरात एकमेकांशी जखडून उभी होती. एका जहाजावर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि एकामागून एक सारे आरमार पेटले. लाकूड, डांबर पाजलेले दोर, सुती शिडे. आगीला आणखी काय हवे? कान्होजींच्या काळापासून उभे राहिलेले आंग्र्यांचे आरमार असे काही तासांत राख झाले.

१९) मग एखादे शीड टिकते ते कशामुळे? बहुधा विस्मरणामुळे. ट्रफाल्गरच्या लढाईत (२१ ऑक्टोबर १८०५) नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या जहाजावर असलेल्या शिडांपैकी एकच आज शिल्लक आहे : पुढच्या डोलकाठीवरचे वरचे शीड. क्षेत्रफळ सुमारे ३३६ चौरस मीटर. त्याला जवळपास ९० भोके आहेत. बरीचशी तोफांच्या माऱ्याची, काही पुढे 'आठवण' म्हणून तुकडे कापून नेणाऱ्यांची. मधल्या काळात हे शीड विस्मृतीत गेले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी पोर्टस्मथ येथील नौदलाच्या बराकीत, व्यायामशाळेतील चटयांखाली सापडले. ज्यांना त्याचे मोल कळले होते त्यांनी ते कापले. ज्यांना कळले नाही त्यांच्या हाती ते सुखरूप राहिले.

२०) आता पुन्हा 'वासा'च्या कोठाराकडे वळू. तिथली शिडे टिकण्याची कारणे तीन. बाल्टिक समुद्राचे पाणी अल्प खारट असल्यामुळे लाकूड पोखरणारा सागरी जीव तिथे तग धरत नाही, म्हणून नौकेचा सांगाडा आणि पर्यायाने कोठार शाबूत राहिले. स्टॉकहोमच्या बंदरातील तळाशी असलेल्या घाण पाण्यात प्राणवायू फारच कमी, त्यामुळे कुजण्याची क्रिया मंदावली. आणि तिसरे कारण घडीचे. थरावर थर दाबून बसलेले, वर गाळाचे पांघरूण घेतलेले कापड आतल्या थरांना सांभाळत राहिले.

२१) पण सापडणे वेगळे आणि उलगडणे वेगळे. धागा इतका क्षीण झाला होता की हवेत उचलला तर स्वतःच्या वजनानेच विरून गेला असता. म्हणून संवर्धकांनी ही शिडे पाण्यातच उलगडली. पाण्याचा आधार घेत, थर थर सोडवत, गाळ धुऊन काढत. त्यानंतर कापडातील पाणी रसायनांच्या साहाय्याने हळूहळू काढून घेतले आणि काचतंतूंच्या आधारवस्त्रावर ते पारदर्शक चिकट द्रव्याने बसवले. काही शतकांपूर्वी खलाशांनी बहुधा काही मिनिटांत आटोपलेले काम उलट्या दिशेने करायला कित्येक वर्षे लागली.

२२) या सहा घड्यांनी काय दिले? त्या काळच्या जहाजांची चित्रे, करारनामे, हिशेब उपलब्ध आहेत. पण चित्रकार टाके काढत नाही आणि कारकून शिवण नोंदवत नाही. कापडाचे पट्टे किती रुंद, ते एकमेकांना कसे जोडले, काठाला दोर कसा शिवला, वाऱ्याचा ताण जिथे सर्वाधिक तिथे कापड कसे दुहेरी केले, ही माहिती केवळ शीडच देऊ शकते. 'वासा'चे सर्वांत लहान शीड ३२ चौरस मीटरचे आहे. ते शिवणाऱ्या हातांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांचे टाके मोजता येतात.

२३) घडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घडी सांभाळते तशी मोडतेही. कापड दीर्घकाळ एकाच रेषेवर दुमडलेले राहिले की तिथले धागे तुटू लागतात. म्हणून आजही शिडाच्या नौका बाळगणारे जाणकार दरवेळी त्याच मोडीवर घडी घालू नका, असे सांगतात. संग्रहालयांत जुनी वस्त्रे शक्य तिथे दुमडण्याऐवजी रुळावर गुंडाळून ठेवतात.

२४) मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला घडीचे हे महत्त्व परके वाटू नये. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद हजारो रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे कागदांचे गठ्ठे बांधण्याचे कापड. आरमाराच्या शिडांचे कापड झिजले, जळाले. पण त्या आरमाराचे हिशेब, पत्रे, तक्रारी जिथे उरल्या, तिथे त्या पुष्कळदा कापडाच्या बासनात बांधल्या गेल्यामुळेच उरल्या. कोणीतरी नीट बांधून ठेवले, म्हणून आज कोणीतरी सोडून वाचू शकतो.

२५) म्हणून शेवटी एक विनंती. कोकणातल्या आजोळच्या माळ्यावर, जुन्या पेटीत, होडीच्या खोपीत एखादे जाड, काळवंडलेले, ठिगळांचे कापड किंवा कागदांचे गाठोडे दिसले तर ते झटकू नका, धुऊ नका, ओढून उलगडू नका आणि आठवण म्हणून तुकडा तर मुळीच कापू नका. आहे त्या स्थितीत त्याचे छायाचित्र घ्या, कुठे आणि कसे सापडले ते लिहून ठेवा, घरातील वडीलधाऱ्यांना ते कोणाचे म्हणून विचारा आणि जवळच्या संग्रहालयातील किंवा अभिलेखागारातील जाणकाराला दाखवा. 'वासा'च्या खलाशांनी सहा शिडे कोठारात रचली तेव्हा त्यांच्या मनात इतिहास नव्हता, उद्याचा वारा होता. तो वारा त्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांचे काम मात्र आजही स्टॉकहोमच्या संग्रहालयात पाहता येते.